रोमच्या तिजोरीत खडखडाट

चिऊ,

काल रात्री पाठवलेला तुझ्या रोम टोटल वॉर गेमचा फोटो झूम करून बघितला. इ.स.पू. २६२, खजिना मायनसमध्ये, आणि मॅपवर तुझ्या ज्युली घराण्याच्या (तू खेळतेस त्या रोमन घराण्याच्या) तीन भरगच्च आर्म्या नुसत्या उभ्या. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! आईला गेम कळत नाही पण आकड्यापुढचं मायनस तिला बरोबर दिसलं, हसत होती.

रोम टोटल वॉर २००४ ला आला तेव्हा तू नव्हतीस, आमच्याकडे एक घरघरणारा पीसी होता आणि मीपण पहिल्या कॅम्पेनला अगदी हेच केलं होतं. सैन्य उभं करायला एकदाच पैसे लागतात असं वाटतं, पण पगार दर टर्नला (खेळातल्या प्रत्येक पाळीला) कापला जातो गं, आणि वर्षाला दोन टर्न. म्हणजे नुसतं उभं राहिलेलं सैन्य बसून खातं. शिवाय भरती केलेला प्रत्येक माणूस त्या शहराच्या लोकसंख्येतून वजा होतो, म्हणून तुझं अरेटियम शहर वाढतच नाहीये. ठरावीक लोकसंख्या झाल्याशिवाय गव्हर्नरचा पुढचा वाडा बांधता येत नाही आणि तो नाही तर चांगल्या इमारतीपण नाहीत, सगळं तिथेच अडतं.

मी काय करायचो सांगतो. सुरुवातीला हातात असतं तेवढंच सैन्य गोळा करून सेजेस्टा घ्यायचं, सिनेट (रोमची राज्यसभा) बहुतेक वेळा तेच मिशन देते आणि ते बंडखोरांचं गाव असतं, त्यामुळे कुणा मोठ्या सत्तेशी भांडण होत नाही. तोवर तुझ्या दोन्ही शहरांत, अरेटियम आणि अरिमिनममध्ये, रस्ते, शेती, बाजार, बंदर. टॅक्स कमी ठेव, लोकसंख्या पटापट वाढते. आणि डिप्लोमॅटला (बोलणी करणाऱ्या दूताला) बसवून ठेवू नकोस, जो भेटेल त्याच्याशी व्यापाराचा करार कर, फुकट पैसा आहे तो.

मग गॉल लोकांची शहरं. पटाविअम आणि मेडिओलानम, म्हणजे आजचं पादुआ आणि मिलान. जिंकल्यावर गुलाम करायचा पर्याय घेतलास तर ती माणसं गव्हर्नर असलेल्या तुझ्या शहरांत वाटली जातात, अरेटियमला तेच हवंय (लिहिताना कसंतरीच वाटतं, पण खऱ्या रोमचा गाडाही गुलामांवरच चालायचा).

लढाईत हस्ताटींना (रोमच्या पायदळाला) थेट धावत पाठवू नकोस, आधी भाले फेकू दे. जनरलचे घोडे लांबून वळसा घालून पाठीमागून घाल, समोरून कधीच नाही, जनरल मेला तर तुझ्या घराण्यातलाच माणूस गेला.

आणि गंमत म्हणजे खरं अरिमिनम, आजचं रिमिनी, रोमने वसवलं इ.स.पू. २६८ ला, गेममध्ये मात्र ते २७० लाच तुझ्या हातात. फुकट मिळालेलं गाव आहे, त्याला तरी नीट सांभाळ.

आत्ताची सेव्ह डिलीट करू नकोस पण. पेझंट आणि टाऊन वॉच (साध्या, स्वस्तातल्या तुकड्या) जास्तीचे असतील ते शहरात आणून बरखास्त कर, पगार वाचतो आणि माणसंपण परत लोकसंख्येत जातात. उत्तरेकडची आर्मी घेऊन पटाविअम मार, लुटीतनं खजिना थोडा तरी वर येईल. शनिवारी कॉल कर, वेढा घातलास की स्क्रीन दाखव.

बाबा