आम्ही उदासीन नाही!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘गुडघेदुखीचे रुग्ण व्यायामाबाबत उदासीन’ हा लेख वाचला. माझे दोन्ही गुडघे झिजलेले, त्यामुळे जरा जास्तच बारकाईने वाचला आणि डोकं तापलं. लेखकांनी मेहनत घेतली असेल, त्याबद्दल आदर आहे. पण ही उदासीनता मोजतात कशी, ते मी आमच्या पडवीत बघितलंय.

मागे वाडीत शिबिर झालं, तेव्हा एक गोड मुलगी फॉर्म घेऊन आली. शेजारच्या काकूंना विचारते, “व्यायामाने माझा गुडघा आणखी झिजेल असं वाटतं. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत की पूर्ण असहमत?” काकू नुकत्याच आगर शिंपून पाखाडी चढून आलेल्या. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताने पदराने घाम पुसतायत. म्हणाल्या, “तुला काय बरं वाटतं तेच लिही गो बाय.” मुलीने ‘तटस्थ’वर खूण केली. पुढच्या प्रश्नांनाही तेच. चहा संपला, फॉर्मही संपला. मग छापून येताना काकू उदासीन ठरणारच!

ही पाच उत्तरांची पद्धत लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मांडली, जगभर चालते. चालू दे. पण डॉक्टरांकडून आलेल्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची आमच्याकडे रीत नाही, त्याचं काय? माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणते, मावशी, आगरातले कष्ट वेगळे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा. मान्य. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायामावर भर आहे, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हे रुग्णाला सांगा, असंही म्हटलंय. मला कोणी सांगितलं नाही. गोळ्या लिहून दिल्या, चित्रांचा एक कागद हातात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. व्यायाम सुरू केल्यावर गुडघा ठणकायला लागला की माणूस घाबरून थांबतो. याला भीती म्हणतात हो, उदासीनता नव्हे. ती कळायला चहापेक्षा थोडं जास्त बसावं लागतं.

भाचीने मला ‘वोमॅक’ नावाची प्रसिद्ध प्रश्नावलीही दाखवली. ती गुडघ्याचा त्रास मोजते. मूळ यादीत 24 प्रश्न. पायमोजे घालताना त्रास होतो का, हे विचारलंय. उकिडवं बसण्याबद्दल एक प्रश्न नाही. आमच्या वाडीत पायमोजे कोण घालतं? विळीवर बसून मासे मात्र घरोघरी चिरतात.

जाता जाता, लेखाबरोबर किनाऱ्यावर धावणाऱ्या गोऱ्या बाईंचा फोटो कशासाठी होता? आणि एसटीच्या पहिल्या पायरीच्या उंचीवर कधी पुरवणी काढणार आहात का? फिजिओथेरपिस्टकडे जायला आम्हाला आधी ती चढावी लागते.

आपली,
एक नियमित वाचक, ता. गुहागर