आधी संशोधन लिहा, संसार नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्त्री शास्त्रज्ञांच्या बातम्या आणि मुलाखती वृत्तपत्रांत आता बऱ्याच येऊ लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि अशी कात्रणे वर्गाच्या फलकावर लावते. पण या बाईंनी नेमके शोधले काय, हे अनेकदा चौथ्या-पाचव्या परिच्छेदात सापडते. तोपर्यंत पतीची साथ, मुलांची शाळा आणि ‘घर आणि प्रयोगशाळा यांची तारेवरची कसरत’ वाचून झालेली असते. या लेखनाच्या सवयीबद्दल हे पत्र लिहीत आहे.

सवय जुनी आहे आणि जगभरची आहे. अणुकेंद्राची रचना समजावून सांगणाऱ्या सिद्धांतासाठी मारिया गोपर्ट मायर यांना १९६३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांच्या गावच्या दैनिकाने मथळा दिला, ‘सॅन डिएगोच्या आईला नोबेल’. पती जिथे प्राध्यापक होते त्या विद्यापीठांत या बाईंनी वर्षानुवर्षे बिनपगारी संशोधन केले होते. बातमी करायचीच तर ती तिथे होती. पुढच्याच वर्षी डोरोथी हॉजकिन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडणाऱ्या या विदुषीची एका ब्रिटिश दैनिकाने करून दिलेली ओळख होती, ‘ऑक्सफर्डची गृहिणी’. आणि १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पल्सरचे, म्हणजे ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, संकेत पहिल्यांदा दिसले. ते जाहीर झाल्यावर पत्रकारांनी खगोलशास्त्राचे प्रश्न त्यांच्या मार्गदर्शकांना विचारले. बेल यांना स्वतःला विचारले ते मित्र किती आहेत आणि अंगाची मापे काय आहेत, हे.

हे सारे मागच्या पिढीचे म्हणून सोडून देता येत नाही. उपग्रहाला त्याच्या कक्षेत स्थिर ठेवणारी इंजिनप्रणाली शोधून काढणाऱ्या अभियंता इव्हॉन ब्रिल २०१३ साली वारल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधला त्यांच्यावरचा मृत्युलेख सुरू झाला तो त्यांच्या हातच्या एका पदार्थाच्या कौतुकाने. मग नवऱ्याच्या बदल्यांबरोबर त्या कशा फिरल्या आणि मुलांसाठी त्यांनी आठ वर्षे नोकरी कशी सोडली, ते आले. वाचकांनी संताप व्यक्त केल्यावर संकेतस्थळावरची सुरुवात बदलण्यात आली. वाचकांच्या पत्रांचा उपयोग होतो, असे मला वाटते ते अशा उदाहरणांमुळे.

आपल्याकडे कमला सोहोनींचे काय झाले? पेशींच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांनी दाखवले, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तरी ‘दुर्गा भागवतांची बहीण’ हीच ओळख अनेकांच्या तोंडी पहिली येते.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण लिहिणाऱ्याला मुळात कौतुकच करायचे असते, म्हणून तर हा दोष नजरेतून सुटतो. बारकाईने वाचले की दिसते, स्त्रीच्या बातमीत जिद्द, चिकाटी, त्याग असतो आणि पुरुषाच्या बातमीत प्रतिभा, कल्पकता, झेप. एकीने कष्टाने मिळवले, दुसऱ्याला ते उपजतच होते. मुले हा भेद फार लवकर टिपतात. अमेरिकेतील तीन संशोधकांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला म्हणूनच अस्वस्थ करतो. ‘अतिशय बुद्धिमान’ कोण असेल असे विचारल्यावर पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच खात्रीने आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की ती खात्री ओसरते. शाळेत गुण मुलींना जास्त मिळतात, हे त्या मुलींना ठाऊक असते आणि त्या तसे सांगतातही. तरीही ‘हा खेळ फार हुशार मुलांसाठी आहे’ म्हटले की त्या मागे सरतात. गणित आणि भौतिकशास्त्र म्हणजे उपजत बुद्धीचा प्रांत, हा समज तर आपण घरोघरी जपलेला. मग दहावीनंतर मुली तिकडे का वळत नाहीत, याचे आश्चर्य कशाला वाटावे?

‘पहिली महिला’ हे शब्द लिहूच नयेत, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल १९०३ साली मेरी क्युरींना मिळाले, नंतर १९६३ साली मायर यांना आणि त्यानंतर थेट २०१८ साली डोना स्ट्रिकलंड यांना. मधली पंचावन्न वर्षे लपवून कसे चालेल? पण मग उशीर का झाला, हेही लिहा. त्याच स्ट्रिकलंड यांच्यावरचा विकिपीडियाचा लेख नोबेलच्या काही महिने आधी नाकारला गेला होता, कारण त्यांच्याविषयी इतरत्र पुरेसे लिहिलेले सापडत नव्हते. तीव्र लेझर स्पंदांची त्यांची पद्धत तेव्हा तीस वर्षांहून जुनी होती.

मुले कोण सांभाळते, हा प्रश्नही गैर नाही. बाळंतपणानंतर संशोधनात परतण्याची सोय नसणे, शिष्यवृत्तीला असलेली वयाची अट, पाळणाघराचा अभाव, यांपायी किती जणींचे काम अर्धवट राहते! पण हा प्रश्न संस्थेच्या संचालकांना विचारा. घरी लहान मुले असलेल्या पुरुष शास्त्रज्ञांनाही विचारा आणि त्यांची उत्तरे छापा.

एक ठोस विनंती करते. बीबीसीच्या एका कार्यक्रमाने २०१७ साली आपल्या पडद्यावर किती स्त्रिया आणि किती पुरुष तज्ज्ञ बोलतात, याची रोज मोजदाद सुरू केली. पुढे हा उपक्रम इतर अनेक कार्यक्रमांनी उचलला. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. साथीचे आजार, हवामान, उपग्रह, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांच्या बातम्यांत आपल्या वार्ताहरांनी कोणाकोणाची मते घेतली, याची महिनाभर नोंद ठेवावी आणि तो आकडा, कसाही आला तरी, याच पानावर छापावा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका