दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छातीच्या शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांत बऱ्याच प्रमाणात दुर्बिणीतून होऊ लागल्या आहेत आणि 'छेद लहान आहेत, फारसे दुखणार नाही' असे रुग्णाला व नातेवाइकांना हमखास सांगितले जाते. अशा रुग्णांकडून श्वसनाचे व्यायाम करून घेणे हे माझे काम असल्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर काय दिसते, ते मला आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

काही महिन्यांपूर्वी बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड कामगार माझ्याकडे व्यायामासाठी आले. न्यूमोनियानंतर त्यांच्या छातीत पू झाला होता आणि फुप्फुसावर बसलेला जाड थर दुर्बिणीतून सोलून काढला होता. जेमतेम दोन बोटांचे तीन छेद आणि बरगड्यांमधून बाहेर काढून बाटलीला जोडलेली एक नळी. त्यांनी उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली होती आणि मोकळा खोकला येऊ नये म्हणून ते घशातल्या घशात खाकरत होते. खोल श्वास ओढण्याचा सराव करायच्या स्पायरोमीटर या उपकरणातल्या तीन गोळ्यांपैकी पहिलीच कशीबशी हलली. "ताई, दम घेतला की आत सुरी फिरते," एवढेच ते म्हणाले. केसपेपरवर वेदनाशामक औषधापुढे 'गरज पडल्यास' असे लिहिलेले होते आणि ब्लॉकची, म्हणजे मज्जातंतूजवळ बधिरतेचे औषध टोचून तो भाग बधिर करण्याची, नोंद कुठेही नव्हती. ऑपरेशन झाले म्हणजे दुखणारच, अशी समजूत असल्याने रात्रभर त्यांनी कोणालाही हाक मारली नव्हती.

छेद लहान असूनही इतके दुखते, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो आणि दुर्बीण व अवजारे आत-बाहेर करताना तो दाबला जातो. शिवाय नळी अत्यंत संवेदनशील अशा फुप्फुसावरणाला घासत राहते. हात किंवा पाय मोडला तर तो स्थिर ठेवता येतो. बरगड्यांना मात्र प्रत्येक श्वासाला हलावेच लागते. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि पुन्हा न्यूमोनियाची भीती निर्माण होते. मॉर्फिनसारख्या औषधांनी वेदना कमी होते, पण गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता आणि मंदावलेला श्वास ही त्याची किंमत असते, आणि जो खोकला आम्हाला हवा असतो तोच दबतो.

यावर उपाय नवा नाही. मणक्याशेजारी, जिथून हे मज्जातंतू बाहेर पडतात तिथे बधिरतेचे औषध देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत आहे. सोनोग्राफीमुळे सुई नेमकी कुठे आहे हे पडद्यावर दिसू लागले आणि सोप्या पद्धतीही आल्या: 2013 मध्ये काखेखालच्या सेरेटस स्नायूच्या थरात देण्याचा ब्लॉक आणि 2016 मध्ये पाठीच्या उभ्या स्नायूंखाली देण्याचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक. दुर्बिणीच्या छातीच्या शस्त्रक्रियेसाठी 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉस्पेक्ट' या वेदनाशमनावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशींत मणक्याशेजारचा किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक पहिल्या पसंतीचा आणि सेरेटस ब्लॉक दुसऱ्या पसंतीचा मानला आहे; मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे केवळ राखीव ठेवावीत, असेही त्यात म्हटले आहे. छातीत पू असेल तर मणक्याशेजारचा ब्लॉक सहसा टाळतात; इरेक्टर स्पायनी ब्लॉकची सुई मात्र फुप्फुसावरणापासून दूर राहते. आमच्या त्या रुग्णाला भूलतज्ज्ञांनी तिसऱ्या दिवशी हाच ब्लॉक दिला. तासाभराने उशी बाजूला ठेवून त्यांनी खोल श्वास घेतला आणि चार वेळा जोरात खोकून कफ काढला. हे पहिल्याच दिवशी का झाले नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

ब्लॉक म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. एकदा टोचलेल्या औषधाचा परिणाम काही तासांत ओसरतो, म्हणून पॅरासिटामॉल आणि, मूत्रपिंड व जठर ठीक असेल तर, सूज कमी करणारे वेदनाशामक दुखण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावे लागते. खांद्यात उठणारी कळ अशा ब्लॉकने बहुधा जात नाही. औषधाची मात्रा वजनानुसार काटेकोर मोजावी लागते आणि ते चुकून रक्तात गेल्यास उतारा म्हणून शिरेतून द्यावे लागणारे लिपिड इमल्शन हे स्निग्ध द्रावण हाताशी असावे लागते.

लहान रुग्णालयांतून एक अडचण नेहमी ऐकू येते, ती म्हणजे शस्त्रक्रियागृहात सोनोग्राफी यंत्र ठेवायचे तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी करावी लागते. हा कायदा केंद्राने 1994 मध्ये केला. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच स्वतःचा कायदा केला होता. तो किंचितही सैल होऊ नये, असे एक स्त्री म्हणून मला मनापासून वाटते. पण नोंदणीचे कागद पूर्ण करणे हे रुग्णालयाचे काम आहे आणि त्या कंटाळ्याची शिक्षा बरगडी धरून बसलेल्या माणसाला होता कामा नये.

माझी विनंती साधी आहे. संमतिपत्रावर सही घेताना वेदनाशमनासाठी काय करणार आहोत, हे भूलतज्ज्ञांनी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे, ब्लॉक दिला नसल्यास त्याचे कारण केसपेपरवर लिहावे आणि 'गरज पडल्यास' हे शब्द पहिल्या दोन दिवसांपुरते तरी कागदावरून काढून टाकावेत. नातेवाइकांनीही आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा 'छातीचा ब्लॉक देणार आहात का?' असे निःसंकोच विचारावे.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर