लाइट गेली की सोलरही बंद, हे आधी सांगा

महोदय,

पंतप्रधान सूर्यघर योजना 2024 मध्ये आली आणि आमच्या म्हसरूळ भागात गच्च्यांवर भराभर पॅनल चढू लागली. 3 किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान मिळते, बिल उतरते, चांगलेच आहे. पण विक्रेते अनुदान आणि बचत याच दोन गोष्टी घोकतात. लाइट गेल्यावर काय होईल, हे कोणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

मे महिन्यात भरदुपारी आमच्या शेजारच्या काकूंकडे गेलो. बाहेर ऊन रणरणत होते, वर सहा पॅनल, आणि खाली पंखा बंद. अंथरुणाला खिळलेल्या काकांना त्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. ‘‘सोलर घेतलंय ना आम्ही, मग लाइट कशी गेली?’’ असे त्यांनी विचारले. त्यांच्याकडचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात आणि महावितरणच्या लाइनमध्ये सोडणारा बिनबॅटरीचा इन्व्हर्टर, लाइनमधली वीज गेली की आपोआप बंद होतो. तो व्हायलाच हवा; नाहीतर पॅनलची वीज तारांत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. अंबडच्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल देखभालीत आयुष्य गेल्यामुळे मला हे ठाऊक आहे. काकूंना कुठून ठाऊक असणार?

लाइट नसतानाही घर चालवायचे असेल तर लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला वेगळे अनुदान नाही, म्हणून ती मोजूनमापून घ्यावी. चार पंखे, दिवे, फ्रिज आणि वायफाय मिळून साधारण 400 वॉट धरा. चार तासांना 1.6 युनिट लागतात. 150 एएच (अँपिअर-अवर), 12 व्होल्टच्या ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालावे लागणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर हिशेबाने 1.8 युनिट दिसतात, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरावी. म्हणजे अशा दोन हव्यात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते. मात्र तिच्यातली 80 टक्क्यांहून अधिक वीज बिनधास्त वापरता येते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. पाण्याची मोटार बॅटरीवर घेऊ नका. सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

पॅनल कुठल्या जागी बसणार, हेही पाहा. विक्रेता मे महिन्यात पाहणीला येतो, तेव्हा नाशिकला सूर्य माथ्यावर असतो आणि टाकीची सावली टाकीखालीच राहते. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा पाच फुटी टाकीची सावली जवळपास पाच फूट उत्तरेकडे पसरते, चार वाजता तर कितीतरी लांब. एका पॅनलवर सावली आली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. आणि उन्हाळ्यात जास्त वीज मिळते, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पॅनल 65 अंशांपर्यंत तापले की मोनो पर्क प्रकारच्या पॅनलची क्षमता साधारण 14 टक्क्यांनी उतरते, टॉपकॉन या नव्या प्रकारात ही घट थोडी कमी असते. अनुदानासाठी देशी सेलची पॅनल लागतात, तेव्हा बिलावर तसा उल्लेख मागा. अर्थिंगही डीसी (पॅनलची बाजू), एसी (घराची बाजू) आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांचे वेगवेगळे करून घ्या.

महावितरणला माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक ऑन-ग्रिड कोटेशनवर ‘लाइट गेल्यावर ही यंत्रणा चालणार नाही’ हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत छापणे आणि त्याखाली ग्राहकाची सही घेणे विक्रेत्यांना सक्तीचे करावे.

– एक निवृत्त इलेक्ट्रिकल पर्यवेक्षक, म्हसरूळ, नाशिक