गेलेल्या माणसाचा फोन

मा. संपादक,

जोडीदार गेला की घरातले कुणीतरी आठवड्याभरातच त्याचे सिम बंद करून टाकते. हेतू चांगला असतो, पण बँक, वीजबिल, ईमेल या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. नंबर गेला की पुढचे प्रत्येक काम कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकते. सगळी खाती बंद किंवा नावावर होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवावा. (त्याच्या ओटीपीवर पैसे मात्र काढू नयेत, नंतर वारसांत वाद होतात.)

फोन उघडताना अंदाजाने पासकोड टाकत बसू नये. आयफोनमध्ये तशी सेटिंग चालू असेल तर 10 चुकांनंतर सगळा डेटा पुसला जातो. व्हॉट्सअ‍ॅप खाते साधारण 120 दिवस वापरात नसेल तर हटवले जाते, म्हणून आवाजाचे संदेश आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत. पुढे फोटोंपेक्षा आवाजच जास्त शोधला जातो.

खरे तर हे दोघांनी जिवंतपणीच करायचे काम. गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये 3 ते 18 महिन्यांची मुदत ठरवून 10 पर्यंत माणसांची नावे देता येतात; तेवढा काळ खाते वापरले गेले नाही तर त्यांना तसे कळवले जाते आणि आपण ठरवलेला डेटा मिळतो. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्यामागे आपल्या खात्यातला डेटा पाहू शकेल असा माणूस, नेमता येतो. त्याला नंतर अ‍ॅक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. ती की फक्त स्वतःच्याच फोनमध्ये ठेवली तर उपयोग शून्य. छापून कपाटात ठेवावी, आणि कुठल्या कपाटात तेही सांगून ठेवावे.

– एक वाचक