बापू, पोरीचा हात खुरावर ठेवलात त्याबद्दल

बापूंना रामराम.

तुमच्या नातवाच्या फोनवर हे पत्र पाठवतोय, तो वाचून दाखवील. उघडपणे लिहितोय, कारण लेकराला पहिलं तट्टू घेऊन देणाऱ्या इतर आईबापांच्याही ते नजरेस पडावं.

तुमचा मेंढरांचा वाडा (तळ) शेजारच्या रानात उतरला, तेव्हा आमची तट्टाणी पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी असायची. वळायचं म्हटलं की अंग चोरायची. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी रोजची चार किलो चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, आणि वर गूळ सांगितला होता. साडेचारशे किलोच्या पळणाऱ्या घोड्याचं खाणं त्यांनी दोनशे किलोच्या तट्टाणीला लावलं. स्वारी शिकवणारे म्हणाले, हट्टी आहे, चाबूक दाखवा. आणखी एक जण लांबूनच बघून ‘खांदा लचकलाय’ म्हणाले आणि पैसे घेऊन गेले. एकानंही पाय उचलला नाही. आणि बोलायचे ते सगळे आमच्याशी. जिची घोडी, ती दहा वर्षांची पोर बाजूला उभी.

तुम्ही आलात आणि थेट तिलाच विचारलंत, “घोडी कुनाची? तुझी न्हवं? मग हिकडं ये.”

आधी तुमच्या भीमथडी जातीच्या तट्टाच्या पुढच्या खुरावर तिचा तळवा ठेवलात. मग आमच्या तट्टाणीच्या खुरावर. “ह्यो गार. ह्यो ऊन. कळलं?” मग तिची दोन बोटं खुराच्या वरच्या सांध्यामागं टेकवलीत. निरोगी तट्टाची नाडी तिथं शोधावी लागते, इतकी बारीक लागते. आमच्या घोडीची बोटाखाली ठणठण उडत होती. पोरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, त्यासाठी हे पत्र आहे. तिला कुणी ‘हात लावू नको’ म्हटलं नाही, ‘तुला नाही कळणार’ म्हटलं नाही. घोडी कुठं दुखते आहे हे घरात सगळ्यात आधी तिला कळलं, आणि ते तुमच्यामुळे.

डॉक्टरांनीही नंतर खुराच्याच दुखण्याचं निदान केलं: लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पदरांची सूज. पिष्ट आणि साखर पोटात जास्त गेली की तट्टांच्या रक्तातलं इन्सुलिन चढतं, आणि खुराच्या आतलं हाड बाहेरच्या भिंतीला धरून ठेवणारे पदर सुजून ढिले पडतात. दुखणं वाढलं तर हाड खाली फिरतं. म्हणून पहिले दिवस महत्त्वाचे. “सुजंवरचं औषिद डाक्टरच देतील, म्या न्हाय,” असं तुम्ही हात जोडून सांगितलंत. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस त्या सगळ्या काळात आम्हाला दुसरा भेटला नाही.

चंदी आणि गूळ त्याच दिवशी बंद केलं. पण उपाशी ठेवायची नाही, हे तुम्ही पोरीकडून दोनदा वदवून घेतलंत. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, आणि लठ्ठ तट्टू उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरून यकृत बिघडतं. म्हणून तिच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दिवसाला तीन किलो वाळलं गवत, चार-पाच वेळा विभागून. गवत तासभर पाण्यात भिजवायचं म्हणजे साखर उतरते. ते पाणी फेकून द्यायचं, घोडीला पाजायचं नाही. ठाणावर लाकडाचा भुसा वीतभर जाड, कडेपर्यंत. मध्येच फरशी उघडी पडली तर घोडी नेमकी तिथंच उभी राहते.

वजनासाठी तुम्ही दोरी दिलीत. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती गुंडाळायची आणि जुळेल तिथं गाठ मारायची. पोरगी दर रविवारी गाठ बघते. शाळेतल्या गणिताच्या वहीत तिनं हिशेबही मांडलाय: छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. उत्तर किलोत येतं. १४० घेर आणि १२५ लांबीला २०६ किलो.

खूर साफ करण्याची तुमची पद्धत आता तिच्या अंगवळणी पडलीय. खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात पायावरून खाली सरकवत न्यायचा, म्हणजे घोडी दचकत नाही. गुडघे टेकून बसायचं नाही, उठून बाजूला होता आलं पाहिजे. आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायची. मधल्या मऊ त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळं, कुजका वास येणारं काही दिसलं तर ठाण ओलं राहतंय असं समजायचं. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. त्याच्या समोर पाय धरून ती उभी राहते, कारण तुम्ही तिला सांगितलंत की आपल्या घोडीच्या खुराला काय कापलं ते आपल्याला ठाऊक हवं.

भीमथडीला देशी जात म्हणून सरकारी नोंद अगदी अलीकडे मिळाली. तुमच्या लोकांनी बिऱ्हाड, कोकरं आणि लेकरं याच तट्टांच्या पाठीवर लादून घाट चढउतार केले, म्हणून ती जात टिकली. तुम्ही मोबदला घेतला नाहीत. चहा घेतलात आणि पोरीला “रोज सकाळी हात लावायचा” एवढं बजावून मेंढरांमागं गेलात. लहान माणसाशी मोठ्या माणसासारखं बोलणं, त्याच्या हातात खरं काम देणं, हे आम्ही फी भरून शोधत होतो.

दिवाळीनंतर कोकणात उतरताना वाडा आमच्या रानात बसवा. विहिरीला पाणी आहे. पोरीला तुम्हाला एक विचारायचंय. खुराची भिंत महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, आणि दुखण्याच्या वेळी खुरावर उमटलेली वळी आता अर्ध्यावर उतरलीय. डॉक्टर म्हणतात, सपाट जमिनीवर हळूहळू पाठीवर बसायला हरकत नाही. ती म्हणते, वळी पूर्ण खाली येऊन नालबंदानं कापेपर्यंत थांबायचं की नाही, ते बापू बघतील मगच खोगीर चढवायचं.

तुम्ही नात मानलेल्या पोरीचे,
आई-बाबा