नायसियाला मतदान झालं, पण ते कशावर?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती धर्म कसा सुरू झाला यावरचा लेख वाचला, रंगवलाय छान, पण 'इ.स. ३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसियाला बिशप गोळा केले आणि मतदान घेऊन येशूला देव ठरवलं' या वाक्याला आलो आणि हातातला चहा गार झाला. अहो, हा फॉरवर्ड आमच्या वसईच्या निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरून झालाय, आता पेपरात छापून आला म्हणजे त्याचं कात्रण पुरावा म्हणून परत आमच्याच तोंडावर येणार.

नायसियाला (हे शहर आजच्या तुर्कस्तानात) भांडण होतं ते एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, हा मुद्दा. येशू साधा माणूस होता असं तर एरियसही म्हणत नव्हता. बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची हेही तिथे ठरलं नाही, तेही लोक बिनधास्त ठोकून देतात.

आणि त्याच्या दोनशे वर्षं आधीचं बघा ना. साधारण इ.स. ११२ मध्ये प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. तो स्वतः ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा, दोन सेविकांचा छळ करून त्याने माहिती काढलीये, आणि तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात. गंमत म्हणजे प्लिनी ज्या बिथिनियाचा गव्हर्नर होता, नायसिया शहर त्याच बिथिनियातलं! म्हणजे परिषद जिथे भरली त्याच मुलखात ही भक्ती दोनशे वर्षं आधीपासून चालू होती.

त्याच्याही मागे जायचं तर पौल, ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक. करिंथकरांस पहिलं पत्र, १५ वा अध्याय, हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ चं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. त्यात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना. ही भाषा पाठ करून पुढे दिलेल्या गोष्टीची आहे. आणि गलतीकरांच्या पत्रात तोच सांगतो की तो यरुशलेमला जाऊन केफाकडे १५ दिवस राहिला, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. ही भेट क्रुसानंतर दहा वर्षांच्या आतली धरतात. तेव्हा 'सगळं चाळीस वर्षांनी रचलं' असं जे काहीजण म्हणतात ते काही टिकत नाही.

पण आमच्या लोकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. मागे आमच्याकडे एका शिबिरात वक्ते म्हणाले, पौल लिहितो ५०० जणांनी येशूला पाहिलं, एवढे साक्षीदार म्हटल्यावर कोर्टात केस जिंकलीच! मी मागच्या बाकावर कपाळाला हात लावला. ५०० जणांपैकी एकाचंही नाव नाही, एकाचीही जबानी नाही, आहे तो पौलाचा एक शब्द. शिवाय त्या यादीत रिकामी कबर नाही की कबरीपाशी गेलेल्या बाया नाहीत. बाया मार्कच्या शुभवर्तमानात येतात आणि सायनायटिकस नि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या जुन्या हस्तलिखितांत मार्क संपतो तो १६ व्या अध्यायाच्या ८ व्या ओवीला, त्या घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, बस. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात.

श्रद्धा लवकर सुरू झाली हे पुराव्यात दिसतं. का सुरू झाली, इथे अभ्यासकांचे रस्ते फुटतात. ल्यूडेमान म्हणायचे, पेत्राला शोक आणि अपराधी वाटण्यातून दर्शन झालं. एन. टी. राइट म्हणतात की त्या काळच्या यहुद्यांसाठी पुनरुत्थान म्हणजे शरीर उठणंच, नुसत्या दर्शनाला कुणी तो शब्द वापरला नसता, त्यामुळे कबर रिकामी होती हे धरल्याशिवाय कोडं सुटत नाही. बार्ट एहर्मनना दर्शनं झाली असतील हे पटतं, पण क्रुसावर दिलेल्याला रोमन लोक नीट पुरू देत होते याचीच शंका आहे. त्यावर दुसरी बाजू १९६८ साली यरुशलेमजवळ सापडलेलं हाड दाखवते: येहोहानान नावाच्या माणसाची टाच, तिच्यात आरपार लोखंडी खिळा, टोक वाकलेलं, बहुधा त्यामुळेच तो निघाला नसावा, आणि हे हाड मिळालं कुठे तर अस्थी ठेवायच्या दगडी पेटीत, घरच्या कबरीत. म्हणजे निदान एकाला तरी त्याच्या माणसांनी पुरलं होतं. येशूबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही, पण 'असं कधी व्हायचंच नाही' म्हणायची सोय राहिली नाही.

मी स्वतः दर रविवारी मिस्साला जाणारा माणूस, तेव्हा माझा कल कुठे ते वेगळं सांगायला नको, पण माझा कल म्हणजे पुरावा नाही हेही कळतं मला. तुमच्या लेखकांचा कल उलटा असेल तर असू दे, खुशाल ल्यूडेमानची बाजू मांडा, वाचू आम्ही. फक्त ते ३२५ चं वाक्य येत्या रविवारी दुरुस्त करून छापा, आणि शक्यतो पहिल्या पानावर, चुकलं होतं तेवढ्याच मोठ्या टायपात. कोपऱ्यात राशिभविष्याखाली नको.

आपला,
एक जुना वाचक, वसई